पोटात तार होती आणि मी अपचनाचं औषध देत होतो

प्रॅक्टिस सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही गाय आहे. दुसऱ्या वेताची, व्यायला दोन-तीन आठवडे झालेले, तक्रार एवढीच की काल सकाळपासून दूध एकदम निम्म्यावर आलं आणि चाऱ्याला तोंड लावत नाही. ताप बघितला तर ३९.७ अंश सेल्सिअस, गायीचं नॉर्मल साधारण ३८ ते ३९.३ धरतात म्हणजे थोडासाच जास्त. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, स्टेथोस्कोप लावला, कोठीपोटाची (गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांतल्या सगळ्यात मोठ्या कप्प्याची) हालचाल मंद, रवंथ बंद, शेण कमी आणि घट्ट. मी अपचन म्हटलं, पाचक पावडर दिली, तापाचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि पुढच्या कॉलला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला की बरी वाटतेय, थोडं खाल्लं, दूध पण लिटरभर वाढलं. मी खूश. चौथ्या दिवशी परत तेच, परत तेच औषध, परत एक दिवस बरी. असं करत करत बारावा दिवस उजाडला तेव्हा तिच्या गळ्याची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला आणि जबड्याखाली पाण्याची सूज आली होती, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोके ऐकूच येईनात, अर्धी भरलेली बाटली हलवल्यावर येतो तसा डुचमळल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाचा अर्थ मला कळला, कारण पुस्तकात तो वाचलेला होता, फक्त तोपर्यंत प्रत्यक्षात ऐकलेला नव्हता. सतराव्या दिवशी ती गेली. पोस्टमॉर्टेममध्ये करंगळीएवढ्या लांबीची गंजलेली तार निघाली, जाळीपोटाची (पोटाच्या सगळ्यात पुढच्या कप्प्याची) भिंत आणि छातीचा पडदा पार करून थेट हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरलेली, आणि ती पिशवी घाण वासाच्या पूने भरलेली. मालक शेजारीच उभे होते. त्यांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, "डॉक्टर, ही तार पहिल्या दिवशी पण आतच होती ना?"

मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं, म्हणून आज हे लिहायला घेतलं. लोकांना वाटतं की सर्जन म्हणजे ज्याचा हात चांगला. हात लागतोच, पण हात सरावाने येतो. पोट उघडायचं की नाही, आणि उघडायचं तर आज की उद्या, हे ठरवणं खरं अवघड आहे, आणि ते ठरवायला समोरचं जनावर तोंडाने काही सांगणार नसतं. त्यातून गाय, शेळी, घोडा, ससा हे सगळे शिकार होणारे प्राणी, दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे, कारण रानात कळपातलं लंगडं जनावर सगळ्यात आधी हेरलं जातं. मांजर स्वतः शिकारी असूनही लपवण्यात यांच्यापेक्षा वरचढ.

तर त्या गायीच्या बाबतीत मी काय बघितलं नाही ते सांगतो. बघितलं नाही म्हणजे दिसलं होतं, पण लक्ष दिलं नाही. ती पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी होती. पाठीला किंचित कमान होती. बसताना कण्हायची, मालकांनी ते सांगितलं पण होतं आणि मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला होता. गोठ्यातून अंगणात उतरायला छोटासा उतार होता, तिथे ती अडून उभी राहायची आणि आम्ही म्हणायचो हट्टी आहे. उतारावर पोटातलं सगळं वजन पुढे सरकून नेमकं त्या जखमेवर येतं, म्हणून ती उतरत नव्हती.

यामागचं कारण समजून घ्या म्हणजे हा आजार पटकन लक्षात राहतो. शेळी ओठांनी निवडून निवडून खाते, गाय तसं करत नाही, ती जिभेने चाऱ्याला वेढा घालून ओढते आणि भरभर गिळते, नीट चावायचं काम नंतर रवंथ करताना. त्या घासात कुंपणाच्या तारेचा तुकडा, खिळा, जुन्या टायरमधली तार, काहीही आत जातं. जड वस्तू जाऊन पडते जाळीपोटात, जे सगळ्यात पुढे आणि खाली असतं, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं. हे जाळीपोट मिनिटाला साधारण एकदा जोरात आवळतं, आणि त्याच्या पुढे छातीचा पडदा, पडद्यापलीकडे लगेच हृदय. तार आडवी पडून राहिली तर कित्येक महिने काहीच होत नाही, उभी झाली की प्रत्येक आवळण्याबरोबर पुढे सरकते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत वासराचं वजन मागून दाबतं, विताना कळा येतात, आणि तेव्हाच ती बऱ्याचदा आरपार जाते. माझी गाय ताजी व्यालेली होती. ते मला केसपेपरवर लिहिता आलं, पण जोडता आलं नाही.

आणि ती दुसऱ्या दिवशीची सुधारणा! तिने तर मला पुरतं फसवलं. तार आरपार गेली की पहिले एक-दोन दिवस ताप, वेदना, दूध एकदम खाली. मग शरीर त्या जागेभोवती चिकट फायब्रिनचा थर लावून ती जागा बंद करायला बघतं, ताप उतरतो, जनावर थोडं खायला लागतं आणि डॉक्टरला वाटतं आपल्या औषधाने झालं. खरंतर शस्त्रक्रियेसाठी सगळ्यात चांगली वेळ तीच असते आणि नेमकी तेव्हाच आपण पाठ थोपटून घेत असतो.

आता मी अशी गाय आली की आधी लांबून बघतो, मग चालवून बघतो, मग हात लावतो. खांद्याच्या वरची पाठीवरची कातडी दोन्ही हातांच्या मुठीत धरून ओढली की निरोगी गाय पाठ खाली वाकवते, पोटात दुखत असलेली वाकवत नाही, ताठ राहते आणि बारीक कण्हते. ते कण्हणं कधीकधी इतकं हलकं असतं की श्वासनळीवर स्टेथोस्कोप ठेवूनच ऐकू येतं, म्हणून कातडी दुसऱ्याला ओढायला सांगतो आणि मी ऐकत बसतो. मेटल डिटेक्टर असतो काहींकडे, पण तो फक्त आत धातू आहे एवढंच सांगतो, आणि धातू तर कितीतरी ठणठणीत गायींच्या जाळीपोटात असतो. टोचलाय की नाही हे डिटेक्टर सांगत नाही. सोनोग्राफीत जाळीपोटाची हालचाल आणि भोवतीचा फायब्रिन दिसतो, तार सहसा दिसत नाही, तार बघायची तर एक्स-रे, आणि मोठ्या गायीच्या छातीमागून एक्स-रे काढायला ताकदवान मशीन लागतं जे गोठ्यात नसतं.

ताज्या व्यालेल्या गायीचं दूध कमी झालं की दुसरं एक डोक्यात ठेवावं लागतं, चौथं पोट डावीकडे सरकणं. वासरू बाहेर आल्यावर पोटात जागा रिकामी होते, त्यात कॅल्शियम कमी, खाणं कमी, मग त्या पोटात गॅस भरतो आणि ते फुग्यासारखं तरंगत कोठीपोट आणि डाव्या बरगड्यांच्या मधे येऊन बसतं. नवव्या ते तेराव्या बरगडीवर बोटाने टिचकी मारत स्टेथोस्कोपने ऐकलं की पत्र्याच्या पिंपावर टिचकी मारल्यासारखा टणत्कार येतो. पहिल्यांदा तो स्पष्ट ऐकला तेव्हा मी पाच-सहा वेळा परत परत टिचकी मारली होती, इतका आनंद झाला होता. कुठलंही मशीन नाही, फक्त बोट आणि कान.

तारेच्या ऑपरेशनकडे येतो. गाय उभी ठेवूनच करतो, आणि हे ऐकून बऱ्याच लोकांना धक्का बसतो. गायीला पूर्ण भूल देऊन आडवं केलं तर शंभर लिटरच्या वर माल भरलेलं कोठीपोट फुप्फुसावर दाबतं, गॅस बाहेर पडत नाही, पोट फुगतं, आणि आतलं पाणी तोंडात येऊन श्वासनळीत जायचा धोका. उपाशी ठेवलं तरी ते पोट रिकामं होत नाही. म्हणून मणक्यातून बाहेर येणाऱ्या नसांपाशी लिग्नोकेन द्यायचं, छातीची तेरावी आणि कमरेची पहिली-दुसरी नस, की डावी भकाळी पूर्ण बधिर. नीट बसलं की नाही हे हाताला कळतं, त्या बाजूची कातडी गरम लागते आणि स्नायू ढिले पडून पाठीचा कणा त्या बाजूला बाक घेतो.

मग कातडी, खाली स्नायूंचे तीन थर, पोटाचा पातळ पडदा. आत हात घालून आधी नुसतं चाचपायचं, कोठीपोट न उघडता. पुढे कुठे चिकटलंय, किती चिकटलंय, पू झालाय का. चिकटलेलं ओढून सोडवायचा मोह होतो, नाही सोडवायचं, कारण ती चिकट भिंतच संसर्गाला उरलेल्या पोटात पसरू देत नाहीये. त्यानंतर कोठीपोटाचा भाग बाहेर ओढून कातडीला सगळीकडून शिवून घ्यायचा, म्हणजे उघडल्यावर आतला एक थेंबही पोटाच्या पोकळीत जाणार नाही. मगच चीर. थोडा माल बाहेर काढायचा आणि खांद्यापर्यंत हात आत. आत ऊब असते, जड असतं, पोट आपल्या हातावर आवळतं आणि सोडतं. पुढे आणि खाली जात राहायचं, आणि एका ठिकाणी बोटांना ते पोळं लागतं. तिथे प्रत्येक घर चाचपायचं. भिंत चिमटीत धरून उचलून बघायची, निरोगी असेल तर उचलली जाते, चिकटलेली असेल तर तिथेच शोधायचं. तार हाताला लागते तेव्हा, खरं सांगतो, श्वास अडकतो. ज्या वाटेने गेली त्याच वाटेने सरळ मागे ओढायची, मग राहिलेले खिळे-तुकडे गोळा करायचे आणि परत येताना तिथे एक लोहचुंबक सोडून यायचं. (हे चुंबक वर्षभराच्या कालवडीला नुसतं तोंडावाटे दिलं तरी जाळीपोटात जाऊन बसतं आणि आयुष्यभर तारा धरून ठेवतं. इतका साधा उपाय आणि इतका कमी वापरला जातो, मला खरंच वाईट वाटतं.) शिवताना कोठीपोट दोन थरांत, कडा आत वळवून, मग ग्लोव्हज आणि हत्यारं बदलायची, ती वापरलेली परत जवळ सुद्धा आणायची नाहीत, आणि मग स्नायू आणि कातडी.

हे सगळं लवकर केलं तर. हृदयाच्या पिशवीत पू झाल्यावर ती उघडून धुण्याचं ऑपरेशन आहे, पण त्यातून पूर्ण बऱ्या होणाऱ्या गायी थोड्या. गळ्याची शीर फुगलेली बघितल्यावर मी आता मालकांना स्पष्ट सांगतो की हिला कापून आपण तिचा त्रास वाढवू. हे सांगताना तो बारावा दिवस आठवतोच.

कापण्याची घाई करून पण चालत नाही हे मला एका बोक्याने शिकवलं. त्याला घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, "डॉक्टर, दोन दिवस झाले शी होत नाहीये, सारखा जाऊन जोर काढतोय." बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन जोर काढत असेल तर बद्धकोष्ठ समजण्याआधी पोटाला हात लावायचा. लावला तर मूत्राशय मोठ्या लिंबाएवढं आणि दगडासारखं. बोक्याची मूत्रनळी टोकाला इतकी अरुंद असते की बारीक खड्यांनी आणि चिकट गोळ्याने बुच बसल्यासारखी बंद होते. लघवी बाहेर जात नाही, म्हणून रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि ते हृदयाला मंद करतं. मांजराचे ठोके दवाखान्यात भीतीने दोनशेच्या आसपास असायला हवेत, याचे नव्वद होते. शांत पडून होता म्हणून ताईंना वाटत होतं गुणी आहे बिचारा. तो शांत नव्हता, तो जात होता. आधी हृदय वाचवायला शिरेतून हळूहळू कॅल्शियम, सलाईन, मग नळी घालून अडथळा मोकळा केला. मूत्रनळी रुंद करण्याचं ऑपरेशन असतं, पण ते वारंवार अडकणाऱ्यांसाठी, त्या रात्री सुरी उचलली असती तर टेबलवरच गेला असता. असा बोका दोन-तीन दिवसांत मरतो, त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे बोका असेल तर एवढं मात्र लक्षात ठेवा, सारखा जोर काढतोय आणि लघवी येत नाहीये म्हणजे रात्र असो की सुट्टी, तेव्हाच निघायचं.

मांजर उलट्या करत असेल तर जिभेखाली बघायचं, हे पण असंच. दोरा जिभेच्या बुडाशी अडकतो, दुसरं टोक आतड्यात पुढे पुढे जातं आणि आतडं त्या दोऱ्यावर नाडीवर गोळा केलेल्या परकरासारखं चुणत जातं. दोरा दिसला की ओढावासा वाटतो. ओढला की तो आतड्याला करवतीसारखा कापतो. ओढायचा नाही, मांजराला दवाखान्यात आणायचं.

कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा, त्यात तक्रार वेगळीच असते. "पाणी फार पितेय, घरात लघवी करतेय." वय सहा-सात, ऑपरेशन न केलेली, माजावर येऊन महिना-दीड महिना झालेला. माजानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भाशयाच्या ग्रंथी फुगतात, तोंड बंद होतं, आत शिरलेल्या ई. कोलाय जिवाणूंना उबदार बंद खोली मिळते. त्यांचं विष किडनीला लघवी घट्ट करू देत नाही, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. तोंड उघडं असेल तर स्राव दिसतो, बंद असेल तर काहीच दिसत नाही आणि तीच जास्त धोक्याची. सोनोग्राफीत सॉसेजसारखी फुगलेली नळकांडी दिसली की मग इथे मात्र थांबायचं नाही, काही तास सलाईन, अँटिबायोटिक देऊन तब्येत सावरायची आणि गर्भाशय, अंडाशय दोन्ही काढायचं. ते बाहेर काढताना भिजलेल्या कागदासारखं हाताळावं लागतं. "एकदा पिल्लं होऊ दे मग ऑपरेशन करू" असं मला सांगणारे कितीतरी जण हाच आजार घेऊन परत आलेत. एक वेत झाल्याने कुत्रीच्या तब्येतीचा काही फायदा होत नाही, खरंच नाही.

औषधांच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. एका जनावराचं दुसऱ्याला लावायचं नाही. झायलाझिन हे भुलीआधीचं औषध घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात गाय झोपते. शेळीला लिग्नोकेन जास्त झालं तर झटके येतात. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, तिच्या लिव्हरमध्ये ते निकामी करायची यंत्रणाच पुरेशी नाही. ससा आणि घोडा उलटी करूच शकत नाहीत, सशाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवत नाहीत, आणि पोटशूळ झालेल्या घोड्याला नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं नाही तर ते फुटू शकतं.

आणि टाके घातले म्हणजे संपलं नाही. पूर्वी मी स्वतः असं ऐकलंय की थोडं दुखू द्यावं म्हणजे जनावर उड्या मारत नाही. हे चूक आहे. दुखत असलेलं जनावर खात नाही, आणि गाय, घोडा, ससा खाल्लं नाही की आतडी थांबतात. मांजराचं दुखणं चेहऱ्यावरून मोजायची पट्टी २०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी प्रसिद्ध केली, कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टी, प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, एकूण दहापैकी चार किंवा जास्त आले की वेदनाशामक द्यायचं. मी ती पिंजऱ्यासमोर उभा राहून वापरतो. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे किलकिले, डोकं खांद्याच्या खाली. आधी हे सगळं मी "झोपलीय" म्हणून वहीत लिहायचो.

गेल्या महिन्यात परत एक गाय आली, व्यायला बारा दिवस, दूध निम्म्यावर, ताप ३९.६. मालकांनी सांगितलं की बसताना आवाज करते. मी तिला उतारावरून चालवायला सांगितलं आणि ती उताराच्या टोकाला थांबली. कातडी ओढली, ती वाकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उघडलं, जाळीपोटाच्या पुढच्या भिंतीत तार होती, साधारण तेवढीच, करंगळीएवढी, पडद्यापर्यंत पोचलेली पण पलीकडे गेलेली नव्हती. तार मालकांच्या हातात दिली, ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी टाके बघायला गेलो तेव्हा ती बसून रवंथ करत होती, मी आल्यावर उठली. स्टेथोस्कोप गाडीतच राहिला होता. डाव्या भकाळीवर, टाक्यांच्या मागे मूठ टेकवली आणि घड्याळ लावून पाच मिनिटं उभा राहिलो. पोट माझी मूठ ढकलत होतं आणि सोडत होतं. पाच मिनिटांत सात वेळा.